हप्त्याचा उजेड

मिस्टर अ‍ॅकरॉइडांच्या घरात
बटण दाबण्याआधी मनाची तयारी करावी लागते.
जिन्याखालचं ठिणगी सोडतं,
न्हाणीघरातलं नुसतं दोरीला लोंबतं.
काल वायरमननं भिंत फोडली.
आत गॅसच्या दिव्याची शिशाची नळी,
तिला बिलगून रबरी तारा, बोट लावताच भुगा,
वर प्लास्टिकच्या. ठिगळावर ठिगळ.
“सबंध हॅलिफॅक्समध्ये आधी आमच्या गल्लीत वीज आली,”
मिस्टर अ‍ॅकरॉइड सांगतात.
वायरमन खर्चाचा आकडा सांगतो.
ते कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवतात.

मी त्यांच्या गोळ्या मोजते
आणि होमा बेला फोन लावते.

आमच्या भिंतीत काहीच नाही.
माती, शेण, चार काटक्या.
खांब डांबरी रस्त्यापर्यंत आले, तिथंच थबकले;
पुढचं अंतर सरकारी माणूस तीनदा मोजून गेला.
मग एक दिवस मोटारसायकलवरून
पाठीला काळी काच बांधून एक पोरगा आला,
छपरावर चढला,
चहा उकळायच्या आत उतरला.
आता आईकडे तीन दिवे, रेडिओ,
फोनला पाजायला एक नळी.
हप्ता मी इथून भरते.
चुकला की दिवा स्वतःला कुलूप लावून घेतो.
मार्चमध्ये माझा पगार चार दिवस लांबला.
चार रात्री आईनं मला काहीच म्हटलं नाही.

ओगुटू रात्री तळ्यावर दिवे तरंगवतो,
ओमेना उजेडाला भुलून जाळ्यात येते.
रॉकेलच्या धुरानं त्याच्या बापाचे डोळे गेले,
याचे शाबूत आहेत.
पण ढग आले की दोन्ही एकदमच होतं:
मासळी वाळत नाही, दिवा भरत नाही.
आई विचारते, “तिकडची वीज बर्फ करते ना गं?”
मी फ्रीजकडे बघते.
रात्रंदिवस गुरगुरत असतो,
आत इन्सुलिन आणि अर्धं लिंबू.

आज फोनच्या पडद्यावर आईचा दिवा बघून
मिस्टर अ‍ॅकरॉइड पुढं वाकले.
“तारा कुठायत?”
“नाहीतच.”
मग कितीतरी वेळ
फोडलेल्या भिंतीकडे बघत राहिले.
“बरं आहे,” म्हणाले.

“काय म्हणतोय म्हातारा?” आईनं विचारलं.
मी सांगितलं.
ती हसली, पदरानं दिव्याची काच पुसली.
“म्हणावं, भिंती बदलून घेऊ.
पण फ्रीज मी घेणार.”