वायसर

अठ्ठावीस वर्षं मी लॅबला गांडुळं पुरवली.
चेंबूरचं कॉलेज, मागे बदामाचं झाड,
नळाखालची काळी, कायम ओली जमीन.
खुरपं एकदाच घालायचं, हलक्या हातानं;
अर्धं तुटलेलं मोडक सर घेत नसत.
मग क्लोरोफॉर्म, मेणाचा ट्रे, टाचण्या,
आणि पोरं नाक दाबून हृदयं मोजायची.
चार जोड्या हृदयं, आणि डोळा एक नाही.
आई त्यांना काडू म्हणायची,
मामा गळाला लावायचे.

आता सोसायटीच्या खतपेटीची किल्ली माझ्याकडे.
तिच्यात तांबडी गांडुळं, पुण्याहून किलोच्या भावानं आणलेली.
केळीच्या साली खातात, भराभर वाढतात.
चांगली आहेत, पण भाडेकरूच.
इथली ती मातकट, जांभळट झाक असलेली,
ती कुठे गेली?
सगळीकडे पेव्हर ब्लॉक,
आंब्याच्या बुंध्यालाही सिमेंटचा गळपट्टा.

परवा पंपाच्या खोलीमागे एक ब्लॉक खचलेला दिसला.
वरचा नळ ठिबकतोय, कधीपासून देव जाणे.
फटीत मातीच्या बारीक गोळ्यांची रास,
कुणी रात्रभर बसून वळल्यासारखी.
वाकलो. बोट लावलं नाही.
त्यांच्या दाराशी मी
रिकाम्या हातानं कधी गेलोच नव्हतो.

सेक्रेटरी सुब्रमण्यम रोज विचारतात, नळाचं काय झालं?
सांगतो, त्या मापाचा वायसर मिळत नाही.
वायसर खिशात आहे,
रुमालाखाली,
सोमवारपासून.