पन्नासावी ओळ

कीबोर्डवरचं सी पुसून गेलंय.
बावीस वर्षं एकच बोट तिथं पडतंय,
आणि त्या दिवशी ते पडलं
पण दाबलं गेलं नाही.

म्हणून धनसुखलाल त्रिकमलाल पारेख
यांच्या बेसण्याच्या कार्डावर
स्थळ, वेळ, लौकिक व्यवहार बंद,
आणि खाली, जिथं मुलांची नावं यायची,
तिथं उमटलं सकाळच्या लग्नपत्रिकेतलं बाळ:
मारा मामाना लगनमां जलूल जलूल आवजो.

प्रूफ बघायला मुलगा आला, डोकं भादरलेला.
वाचलं. परत वाचलं.
"बेन, आ शुं?"
मग खुर्चीत बसला, पाणी मागितलं.
खंडेराव मार्केटसमोरच्या आठ बाय सहाच्या दुकानात
तोंड लपवायला कोपरा नसतो.
त्यानं पैसे पूर्ण दिले.
तेच जास्त लागलं.

रात्री शटर अर्धं ओढून
क्लिपबोर्ड मॅनेजर शोधायला बसले.
विहंग फोनवर: "मावशी, मशीनला एकच हात असतो,
नवं घेतलं की आधीचं सांडतं.
हा टाकलास की पन्नास हात."
म्हटलं, पन्नास काय करू, मला दोन पुरेत,
एक लग्नाचा, एक मयताचा.

पहिला फुकट. लाइट गेली की सगळं विसरायचा.
इथं मे महिन्यात काय होतं
ते त्याला बिचाऱ्याला कोण सांगणार.
दुसरा हजार ओळी धरायचा,
पण वर कुठंतरी पाठवून.
माझ्याकडं लोक आधार कार्ड घेऊन येतात,
घटस्फोटाचे अर्ज,
मुलीची जन्मवेळ, जी सासरी वीस मिनिटं पुढं सांगायचीय.
ते सगळं ढगात?
तिसरा हुशार, चित्रंही सांभाळायचा,
फक्त चिकटवताना फॉन्ट सोलून टाकायचा,
केळ्यासारखा.
चौथ्यानं डॉलर मागितले, दर महिन्याला.
विंडो बंद केली, चहा सांगितला, चहा आला नाही,
दहा वाजून गेले होते.

पाचवा घेतला.
दिसायला कळकट, बटणं कुणी घाईत डकवल्यासारखी.
पण पन्नास ओळी, घराबाहेर जात नाही,
दिलं तसं परत देतो.
एवढंच की जुना गुजराती फॉन्ट त्याच्या यादीत दिसत नाही,
नुसत्या किल्ल्या दिसतात:
कंस, डॉलर, दोन टिंबं, मधेच एक मोठा क्यू.
विहंग म्हणाला, हा तर कचरा.
मला वाचता येतो.

पहिलं कॉपी केलं ते त्यांचंच नाव.
सी दोनदा दाबून, नख पांढरं होईस्तोवर.
कार्डं त्याच रात्री परत छापली.

मग यादी वाढत गेली, वरून.
एक जिममधली ऑफर.
शिर्क्यांच्या मुलीचा बायोडाटा, उंची दोनदा बदललेली.
भाडेकरार. नवरात्रीचे पास.
कुणाचा तरी आयएफएससी कोड.
प्रत्येक नव्यासरशी ते नाव
एक पायरी खाली, नऊ, सतरा, तेहतीस,
एकही कंस न हलता.

खिळा ठोकायची सोय आहे त्यात.
ठोकलेली ओळ वरच राहते, कितीही येवोत.
माझे तीन खिळे: जीएसटी नंबर,
श्री गणेशाय नमः,
आणि तो एक जोडाक्षराचा तुकडा जो कधीच टाइप होत नाही.
चौथ्यासाठी बाण नेला होता त्या नावावर.
थांबवला.
मी त्यांची कोण?
एक चूक केलेली बाई.

मंगळवारी साडेचारला
सेवउसळवाला बोर्ड करायला आला.
साधी. तर्री वेगळी. पाव जादा.
तीनदा सी.
तिसऱ्याला यादी हलली,
आणि तो म्हणाला, बेन, पाव मोठ्या अक्षरात घ्या,
लोक तेच विचारतात.