कोठ्याचं माप

आधी कोठा मोजू, मी म्हणाले, घर नंतर.
गुणवंतराव जरा हिरमुसले.
घराच्या चौकटीवर मोर आहेत,
ओसरीला बारा सागवानी खांब,
आणि ही बाई शेणात टेप टाकते.

पण घराची भिंत दीड हात, कोठ्याची दोन.
घराला वरच्या अंगाला वीट आहे, गिलाव्याखाली लपवलेली;
कोठा मात्र पायापासून वळचणीपर्यंत काळा दगड,
सांध्यात पोस्टकार्ड शिरत नाही.
बांधणाऱ्याला ठाऊक होतं,
माणूस भिंतीला टेकतो,
बैल घासतो.

आत गेलं की मे महिना उंबरठ्यापाशीच थांबतो.
आधी वास येतो, ढेपेचा, कुटाराचा, जुन्या मुताचा,
मग उंचावर एकेक झरोका दिसू लागतो,
बाहेरून वीतभर, आतून हातभर,
सुपासारखा.
गव्हाणीच्या दगडी काठावर सोळा खळगे,
माना टेकून टेकून पडलेले.
एकात हात ठेवला. गार, तेलकट.
मधल्या तुळईखाली एकच खांब, तोही उलटा:
कमळ खाली, शेणात; बूड वर.

टेपचं दुसरं टोक पुंजाराम कुळसंग्यांच्या हातात.
उत्तरेची भिंत एका जागी बाहेर जाते, हातभर,
आणि पाच पावलांनी परत येते.
ओळंबा सोडला. सरळ.
म्हणजे फुगली नाही, वळवूनच बांधली.
"चुकला असंल गवंडी," गुणवंतराव म्हणाले.
पुंजारामांनी तंबाखू गालात सरकवली.
"चुकला नाही थो.
दोरी मारली त्या राती गाय याली तेथं.
उठूनच नाही राह्यली.
बेलदार म्हने, राहू द्या तिले,
दगडाचं काय, थो कुठूनबी जाते."
कोणाची गाय?
"थे नाही माहीत. वासरू पांढरं होतं म्हने."

ती रेघ पट्टीनं ओढायला गेले,
मग पट्टी ठेवली आणि हातानं ओढली.
शेजारी माप लिहिलं. कारण लिहायला
नकाशात जागा नसते.

टेप गुंडाळेना, आत कुटार गेलं होतं.
चहा ओसरीवर आला.
मोरांकडे पाठ करून मी खांब मोजले. अकरा.
पुन्हा मोजले.
"बारा," गुणवंतराव म्हणाले, "आजोबाच्या वक्तापासून बारा."
पुंजाराम बशीत फुंकर मारत राहिले,
कोठ्याकडे बघत.