थरथर वजा

सात दिवसांपुरता उसना मिळालाय हा कॅमेरा.
मुठीत मावणारा, दोन लिंबांच्या वजनाचा,
मान मात्र बगळ्याची:
मी अडखळले, वाकले, तोल गेला तरी
ती आपली सरळ.
गुरुवारी परत करायचाय, खोक्यासकट,
आणि त्याआधी लोकांना सांगायचंय:
घ्या, किंवा नका घेऊ.

पहिली परीक्षा पायऱ्यांची.
वाल्पाराइसोत दुसरं असतं काय?
खाली समुद्र, वर घरं,
आणि मधल्या मध्ये आम्हां सगळ्यांना लागलेली धाप.
एकशे बासष्ट पायऱ्या धावत उतरले,
गुडघे बोंबलत होते,
पडद्यावर पाहते तर
लोण्यावरून सुरी फिरावी तशी मी खाली आलेली.
पायऱ्यांना दहापैकी साडेनऊ.

वाऱ्यात माइक घोड्यासारखा फुरफुरतो.
त्याला लोकरीचा मोजा चढवला
तेव्हा कुठे माझे शब्द मला ऐकू आले.
माइकला पाच. तेही मोज्यासाठी.
बॅटरी दोन तास आठ मिनिटं,
खोक्यावर छापलंय त्याहून बरीच कमी.
रात्री बंदराच्या क्रेनी
जळमटांसारख्या दिसतात, दिवे विरघळतात.
मला आवडलं ते. पण आवडलं म्हणून गुण देता येत नाहीत.

चेहरा धरून ठेवतो म्हणे.
धरतो की!
सोपायपिया तळणाऱ्या दोन्या एर्मेलिंदाला सोडून
त्यानं धरली तिच्या मागच्या भिंतीवर रंगवलेली बाई.
एर्मेलिंदा झाऱ्या न थांबवता म्हणाली,
'तिला सुरकुत्या नाहीत ना.'

मंगळवार. चार वाजून दहा मिनिटं.
लिफ्टच्या वरच्या फाटकापाशी
मी रंग तपासत होते, भोपळ्याच्या पिठाचा पिवळा.
आधी कुत्री गप्प झाली.
मग जमिनीखालून कुणी
भरलेलं कपाट ओढत नेलं.
एर्मेलिंदानं न बघता गॅस बंद केला
आणि दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला,
जणू मी खिडकीतली कुंडी.

चौदा सेकंद.
फाटकावरचा नोलबेर्तो म्हणाला,
'पाच आणि वर काहीतरी. चहा सांडेल एवढा.'
एर्मेलिंदानं गॅस पेटवला.
'दाखव बघू, कसं दिसलं ते.'

आम्ही तिघं त्या इवल्याशा पडद्यावर वाकलो.
काही झालंच नव्हतं.
भिंत जागच्या जागी,
समुद्र पट्टीनं आखलेला,
भिंतीवरची बाई प्रसन्न.
तारेला लोंबणारा एक बल्ब तेवढा
उगाच, कुणी न विचारता,
नाही, नाही म्हणत होता.

नोलबेर्तोला रागच आला.
'मग मी घाबरलो कशाला?'

एर्मेलिंदा बराच वेळ बोलली नाही.
एक सोपायपिया उलटली. दुसरी उलटली.
'पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये हे यंत्र असतं,' म्हणाली,
'तर माझं घर पडलंच नसतं.'
आणि हसली. आम्ही हसावं की नाही, ते कळेना.

रात्री टेबलाशी बसले,
कागदावर उभी रेघ मारून:
डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे.
ते चौदा सेकंद
कुठल्या बाजूला लिहू?
त्याला जे सांगितलं तेच केलंय त्यानं,
आणि चोख केलंय.
पायऱ्यांवर मी याचीच वाहवा केली होती.

पुन्हा लावलं. डोळे मिटून ऐकलं.
फुरफुर नाही, वाराही नाही,
कपाट ओढल्याची ती खोल घरघर,
कुणाची तरी बशी,
आणि अगदी जवळून, स्वच्छ,
गॅसची कळ फिरल्याचा आवाज:
कट्.

माइकचे पाच खोडले.
साडेसहा केले.