वादी

सीपीआरच्या मागच्या अंगाला, जिथला पंखा
वर्षभर बंदच असतो, त्या खोलीत
बरणीचं झाकण फिरवते मी.
दीपाली खोत, वय तेवीस, शिरोळ.
वार : चारशे दहा ग्रॅम.
नाळ : मध्यापासून जरा डावीकडं.
बाळाच्या रकान्यात कुणीतरी
नुसती आडवी रेघ ओढलेली.

फॉर्मालिननं डोळे चुरचुरतात.
बापूच्या कुंडाचा वास असाच चढायचा,
बाभळीची साल, हिरडा, चुना.
त्या वासानं शाळेत माझ्या शेजारचा बाक रिकामा राहिला.
या वासानं आता केएमटीत शेजारची बाई सरकून बसते.
म्हटलं तर कामही तेच :
कुजू बघणारं थोपवायचं,
धाग्याला धागा पक्का करायचा.

मेणात बसवलेला तुकडा पात्याखाली सरकतो.
पाच मायक्रॉनची फीत कोमट पाण्यावर पसरते,
फुंकर घातली तरी विस्कटेल अशी.
बापू रापी लावण्याआधी कातडं दोन्ही हातांनी ताणायचा,
म्हणायचा, कुठनं धरावं ते त्येचं त्येच सांगतंय.

भिंगाखाली दरवेळी एक झाड असतं.
आईचं रक्त त्याच्या भोवतीनं, बाळाचं त्याच्या आतनं,
दोन्ही रक्तं एकमेकांत मिसळत नाहीत.
आणि मध्ये हे,
ज्याला पुस्तकात नुसतं सांधणारं म्हटलंय.
खोडात जाड, सुंभासारखं, नसांना आवळून.
फांद्यांत सैल, आणि त्या सैल जागेत
फुगीर पेशी गस्त घालतात, सांडलेलं गिळतात.
शेवटच्या महिन्यांत, अगदी टोकाच्या अंकुरात,
ते जवळजवळ नसतंच.
अंग चोरून बाजूला होतं,
केशवाहिनी पडद्याला टेकावी म्हणून,
श्वासाला कमी चालायला लागावं म्हणून.

जोडणाऱ्यानं वेळेवर विरळ व्हायचं असतं,
हे मला चाळिशीत, एका काचेवर कळलं.

दीपालीच्या काचेवर मात्र निळं.
खोडात निळं, फांद्यांत निळं, पार टोकापर्यंत निळं.
नसा बुजलेल्या.
आतलं रक्त कधीतरी थांबलं,
बाहेरचं मात्र येत राहिलं, भरवत राहिलं,
आणि हे धागे विणत बसलं.
कुणासाठी विणायचं ते आता नाही,
एवढा निरोप कुणी पोचवलाच नाही त्याला.

संध्याकाळी बापूचा फोन.
काय कापलंस आज?
कातड्यात असतं तेच, बापू. कोलॅजन.
कोल्हापूरचंच असंल मग, म्हणाला,
आणि खोकला येईस्तोवर हसला.
मग आवाज उतरला.
ऱ्हायल्यालं काय करतासा?
पिवळ्या पिशवीत जातं.
पल्याड बराच वेळ नुसती आरीची टोच टोच.

तुझी वार मी पुरल्याली,
सुभाषनगरच्या परड्यात, बाभळीच्या बुडात.
खोल, कुत्र्यानं उकरू नये अशी.

हाय ती बाभळ अजून?

न्हाई, म्हणाला. तोडली.
साल कामाला आली.