रकाना नववा : इतर

मोंगूच्या कचेरीत नोव्हेंबर येतो
आंब्यांच्या घमघमाटासह, आणि लुसाकाहून फाईल येते :
पुढल्या वर्षीच्या प्रशिक्षणाचा आराखडा,
तीन प्रती, शुक्रवारपर्यंत.
मी टेबलावरची वाळू झटकते.
इथे वाळू सगळीकडे असते,
दस्त्यांत, कुलपांत, पगाराच्या पाकिटातसुद्धा.

अर्ज एकशे बारा.
पैसे, गेल्या खेपेचा अनुभव धरला तर, एकोणीस जणांपुरते.
आणि गेल्या खेपेला ते आले कधी?
डिसेंबरच्या सव्वीस तारखेला.
पाच दिवसांत खर्च करा, नाहीतर परत पाठवा.
पानावर बसवायचं आणि वरण वाढता वाढता म्हणायचं, उठा.
तेव्हा आम्ही वह्या घेतल्या.
चार हजार वह्या.
अजून आहेत. या ओळी त्यांतल्याच एकीत.

मलाही एकदा पाठवलं होतं,
राजधानीत, दोन आठवडे, पाय बुडतील अशा गालिच्यावर.
विषय : प्रशिक्षणाची गरज कशी ओळखावी.
पाहुण्या गृहस्थांनी पडद्यावर एक त्रिकोण दाखवला.
मी तो उतरवून घेतला.
चांगला त्रिकोण होता.

मुयुंडा, लुकुलुचा जन्मनोंदणी कारकून,
आठ वर्षं एकच अर्ज पाठवतो, एकाच ओळीचा :
'संगणक आला आहे, तो शिकवावा.'
संगणक खोक्यात आहे.
खोक्यावर त्याची कोंबडी बसते, असं तपासणीला गेलेले सांगतात.
आठही अर्ज मी आज शेजारी शेजारी मांडले.
अक्षर दर वर्षी सुधारत गेलंय.
आम्ही काही शिकवलं नाही,
तर तो अर्ज लिहिता लिहिता एवढं शिकला.

आणि हा एक, डिझेलच्या पावतीच्या पाठीवर.
मुन्दिया, चालक, गाडी क्रमांक सात :
'बाई, माझ्या मागच्या सीटवर आजवर तिघी बाळंत झाल्या.
दोघींचं नीट झालं.
हात कुठे धरायचा, तेवढं कुणी शिकवेल का?'

नियम म्हणतो, चालकाला चालवण्याचंच शिक्षण.
मी वर्गवारी वरून खाली वाचली.
मग खालून वर.
'दोघींचं नीट झालं' हे कुठल्याच रकान्यात बसेना.

मग मी पेन्सिल घेतली.
समारोपाच्या जेवणातली कोंबडी कापली, कागदावर.
रंगीत फलक काढला.
पाहुण्यांच्या पिशव्या काढल्या, पिशव्यांवरचं बोधचिन्हही.
सभागृह खोडलं, तिथे लिहिलं : आंब्याखाली, सकाळी आठ ते अकरा.
आणि नामासिकू सिस्टरना फोन लावला,
सहा वर्षं झाली निवृत्त होऊन, ऐकायला कमी येतं.
'मानधन किती?'
मी आकडा सांगितला. दोनदा सांगावा लागला,
दुसऱ्यांदा तो मलाच लहान वाटला.
'चहा?'
'चहा आहे.'
'मग येते. चटई लागेल, दोन उशा, आणि एक बाहुली.
बाहुली नसली तर भोपळा चालेल. बाळाच्या वजनाचा बघ.'

रकाना नववा, इतर : भोपळा, एक नग.

दुपारी लेखा विभागातून आकापेल्वांचा फोन.
'हे भोपळा काय आहे?'
'प्रशिक्षण साहित्य.'
पलीकडे बराच वेळ फक्त पंखा.
त्यांची धाकटी मुलगी कुठल्या गाडीत जन्मली,
हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांना.
'पावती आणा,' ते म्हणाले.

संध्याकाळ. एकोणीस नावं लिहून झाली.
चालक मुन्दिया, सतरावा.
मुयुंडा विसावा येतोय.
मी पुन्हा बेरीज करते.
बाहेर पत्र्यावर एक आंबा पडतो.
चहातून साखर वजा करते,
दिवस तीनाचे अडीच करते,
मी पुन्हा बेरीज करते.