दहा गुणांसाठी वेसर

राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत पंखा तीन नंबरवर अडकलाय.
टेबल क्रमांक एकोणीस माझं.
गेल्या वर्षीचा पेपर समोर:
नागर आणि द्राविड शैलींतला फरक स्पष्ट करा.
मधोमध उभी रेघ मारते.
डावीकडे शिखर वाकत वाकत आमलकाला जाऊन भिडतं,
उजवीकडे विमान मजल्या-मजल्यानं चढतं.
रेघ सरळ आली की निम्मे गुण आलेच,
असं क्लासचे बेडगे सर म्हणतात.

वेसरला कुठं मारू रेघ?
शब्दकोश काढला. वेसर म्हणजे खेचर.
सुलक्षणानं शेजारून वाचलं,
तोंडावर ओढणी धरून हसली,
‘म्हंजे तूच की गं.’
मी निपाणीची. बाप मराठीत भांडतो,
आई कन्नडात पैसे मोजते.
मला दोन्हीत गप्प बसता येतं.

रविवारी खिद्रापूरला गेलो, कुरुंदवाडला एसटी बदलून.
स्तंभांचे प्रकार उतरवायला वही घेतलेली.
स्वर्गमंडपात छत मध्येच थांबलंय, गोल.
त्या गोलातून एक बगळा गेला
आणि वहीत तारखेच्या पुढं काही आलं नाही.
बाहेर दगडी हत्ती, काहींच्या सोंडा गेलेल्या.
सायकल टेकवून उभा असलेला पायगोंडा नावाचा म्हातारा
आपण होऊनच बोलायला लागला,
‘पुरात पाणी ह्यांच्या पोटाला लागलं हुतं.
एक जागचा हलला न्हाई.’
मी विचारलं, शैली कुठली म्हणायची हिची?
त्यानं बिडी विझवून कानावर ठेवली.
‘देव कोपलाय, तेवढं ठावं हाय.’

परतीच्या एसटीत काच खडखडत होती
आणि सुलक्षणा डोळे मिटून घोकत होती,
हेमाडपंती, चुना नाही,
दगडात दगड अडकवलेला, चुना नाही, चुना नाही,
जयसिंगपूर येईपर्यंत.

आता साडेदहा. अकराला कुलूप लागतं.
नमुना उत्तर दीडशे शब्दांचं,
त्यात पूर नाही, बगळा नाही, कोप तर नाहीच.
मी तेच लिहीन.
तिसरा प्रयत्न आहे, आईची भिशी फीमध्ये गेलीय,
आणि तपासणाऱ्याला एका पेपरला किती मिनिटं मिळतात
तेही मला माहीत आहे.

फक्त आकृती काढताना,
शिखराचे मजले मोजताना
ओठ आपोआप हलतात: ओंदु, एरडु, मूरु,
चौथ्याला पेन्सिलचं टोक तुटतं.
सुलक्षणा मान वर न करता
शार्पनर सरकवते.